वीकेण्डचे अठ्ठेचाळीस तास

शुक्रवार, संध्याकाळचे पाच. मॉनिटरवर एक्सेल शीट उघडी आहे, पण नजर खालच्या कोपऱ्यातल्या घड्याळावर. 'जरा पाच मिनिटं ये रे' अशी बॉसची हाक येऊ नये म्हणून मनातल्या मनात गणपतीला साकडं घालून झालंय. मोबाइलवर दोस्तमंडळींचं 'आज कुठे?' केव्हाच सुरू झालंय. ओळखीचं वाटतंय ना? मग 'ह्युमन ट्रॅफिक' तुमच्यासाठीच आहे.

१९९९ साली आलेला हा ब्रिटिश सिनेमा. दिग्दर्शक जस्टिन केरिगन तेव्हा जेमतेम पंचविशीतला, त्याची ही पहिलीच फिल्म. लंडन वगैरे काही नाही, गोष्ट घडते वेल्सची राजधानी कार्डिफमध्ये, त्याच्या स्वतःच्या गावात. पाच मित्रमैत्रिणी आणि एक वीकेण्ड. शुक्रवारी पब, मग क्लब, मग कुणाच्या तरी घरी पार्टी, आणि मग तो भयाण रविवार. बस, एवढीच स्टोरी!

लोक याला 'रेव्ह'वरचा सिनेमा म्हणतात. माझ्या मते हा नोकरीवरचा सिनेमा आहे. जिप (जॉन सिम) कपड्यांच्या दुकानात गिऱ्हाइकांपुढे खोटं हसतोय. त्याचा जिगरी दोस्त कूप रेकॉर्डच्या दुकानात, डोळ्यांत डीजे व्हायचं स्वप्न आणि डोक्यात गर्लफ्रेण्ड नीनाबद्दल चोवीस तास संशय. नीनाचा कॉलेजचा इंटरव्ह्यू फसलाय, म्हणून ती बर्गरच्या दुकानात, जिथे माणसं यंत्रासारखी हलतात. लुलूला एकही धड मुलगा भेटत नाहीये. आणि मॉफ (डॅनी डायर) नोकरीबिकरीच्या फंदात नाही. तो आईबाबांकडे राहतो, पोरांना गोळ्या पुरवतो, आणि त्याचे वडील कोण, तर पोलीस अधिकारी. घ्या!

आता एक तारीख लक्षात घ्या. ब्रिटनमध्ये राष्ट्रीय किमान वेतन पहिल्यांदा लागू झालं १ एप्रिल १९९९ ला, तासाला ३ पौंड ६० पेन्स. सिनेमा थिएटरात आला त्यानंतर दोन महिन्यांनी. म्हणजे जिप आणि नीनासारखी दुकानात राबणारी पोरं तोवर कुठल्याही हमीशिवाय राबत होती. पाच दिवस अशी नोकरी केली की उरलेल्या दोन दिवसांवर किती भार पडत असेल? आपण कोण आहोत, कुणावर प्रेम करतो, काय बोलायचं राहून गेलं, सगळं त्या अठ्ठेचाळीस तासांतच उरकायचं. एवढ्या ओझ्याखाली कुठलाही वीकेण्ड वाकणारच. सिनेमाला हे नीट कळलंय.

पण रेव्ह ही मुळात शुक्रवार-शनिवारची गोष्ट नव्हतीच. १९८७ च्या उन्हाळ्यात पॉल ओकनफोल्ड, डॅनी रॅम्पलिंगसारखे काही ब्रिटिश डीजे इबिझा बेटावरून नव्या म्युझिकचं वेड घेऊन परतले, आणि वर्षभरात अख्ख्या देशातली पोरं गोदामांत आणि शेतांत रात्र-रात्र नाचायला लागली. तिकीट नाही, ड्रेसकोड नाही, दारावर बाउन्सर नाही. मे १९९२ मध्ये कॅसलमॉर्टनच्या माळावर वीस हजारांहून जास्त लोक जमले आणि जवळजवळ आठवडाभर हललेच नाहीत! सरकारला घाम फुटला. १९९४ साली 'क्रिमिनल जस्टिस अॅण्ड पब्लिक ऑर्डर अॅक्ट' आला आणि उघड्यावरच्या अशा रात्रीच्या पार्ट्या बंद करायचा अधिकार पोलिसांना मिळाला. गंमत म्हणजे त्यात 'म्युझिक'ची व्याख्या करताना एकापाठोपाठ पुन्हा पुन्हा येणाऱ्या ठेक्यांचाही खास उल्लेख होता. (या हिशेबानं आपली ढोल-ताशा पथकं थेट आतच जायची.) 'ऑटेकर' या बॅण्डनं तर चिडून 'फ्लटर' नावाचा असा ट्रॅक बनवला की त्यातले कुठलेही दोन बार सारखे नाहीत. वाजवा, आता कुठला ठेका पकडता ते बघू!

'ह्युमन ट्रॅफिक'ची सुरुवात याच कायद्याविरुद्धच्या निदर्शनांच्या दृश्यांनी होते. तो कायदा डोक्यात ठेवून पुढचा सिनेमा बघा, म्हणजे त्यातली ग्यानबाची मेख कळेल. कारण कायद्यानंतर नाच थांबला नाही, तो लायसन्सवाल्या क्लबात शिरला. तिकीट आलं, दारावर पहिलवान आले, वेळ ठरली. माळरानावरच्या बंडाला ऑफिसचं टाइमटेबल लागलं. सिनेमातला मोठा पेच काय, तर जिपनं स्वतःचं तिकीट लुलूला देऊन टाकलंय आणि आता थापा मारून आत कसं घुसायचं? क्लबचा मॅनेजर झालाय खराखुरा स्टार डीजे कार्ल कॉक्स. सीन धमाल आहे, पण मला तो बघताना दरवेळी वाटतं की, सात वर्षांपूर्वीच्या कॅसलमॉर्टनला हा पेच पडलाच नसता.

हे फार लांबचं वाटत असेल तर आपल्या शेजारी गोव्याकडे बघा. ओकनफोल्डनं बीबीसी रेडिओ वनवर 'गोवा मिक्स' वाजवला तो डिसेंबर १९९४ मध्ये, म्हणजे तो कायदा झाल्यावर जेमतेम दीड महिन्यात. अंजुण्याच्या किनाऱ्यावरच्या पौर्णिमेच्या पार्ट्यांमधून जन्मलेला ट्रान्स तिकडे असा घरोघरी पोचला. आणि इकडे? २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर बंद झाले. २००७ मध्ये कांदोळीला 'सनबर्न' सुरू झाला, तिकीट आणि मनगटावर पट्टा, २०१६ मध्ये तो पुण्याला आला. कायदे वेगळे, देश वेगळा, वळण मात्र तेच. फुकटचा किनारा गेला आणि पासचा फेस्टिव्हल आला. त्या पासचे पैसे भरायला पुन्हा सोमवार ते शुक्रवार आहेच.

आता गोळ्यांबद्दल. यातली पोरं एक्स्टसीबद्दल जितक्या सहजपणे बोलतात तितक्या सहजपणे आपण टपरीवर कटिंग मागवतो. नीना आणि लुलू टीव्हीच्या रिपोर्टरला तिला हव्या तशा भयंकर कहाण्या ठोकून देतात, तेव्हा हसू आवरत नाही. हिंदी सिनेमात मात्र १९७१ च्या 'हरे रामा हरे कृष्णा'मधल्या जॅनिसला मरावंच लागतं, आणि २०१३ च्या 'गो गोवा गॉन'मध्ये रेव्ह पार्टीला गेलेल्यांचे झॉम्बी होतात! केरिगन कुणाला मारत नाही, शिक्षाही देत नाही. हा प्रामाणिकपणा मला आवडतो. पण इथे तो एक गोष्ट अलगद टाळतो, हेही खरं. सिनेमाच्या चारच वर्षं आधी, १९९५ मध्ये, ब्रिटनमधली एक मुलगी स्वतःच्या अठराव्या वाढदिवसाच्या पार्टीत एक गोळी घेऊन गेली ती गेलीच. कारण निघालं, गोळीनंतर थोड्या वेळात प्यायलेलं अतोनात पाणी. त्या बातमीनं देश हादरला होता. ही भीती मॉफच्या सावलीलाही दिसत नाही. आणि आपल्याकडे तर बघायलाच नको. एनडीपीएस कायद्यात एमडीएमएची 'व्यावसायिक मात्रा' १० ग्रॅमपासून सुरू होते आणि शिक्षा कमीत कमी दहा वर्षं. मॉफ मुंबईत असता तर सिनेमा अर्ध्यातच संपला असता.

तरी सिनेमा खरा उतरतो तो रविवारी. शनिवारी पहाटे पार्टीत सगळे एकमेकांचे सख्खे होते, कुणी 'स्टार वॉर्स'वर प्रवचन झोडत होता, अनोळखी माणसंही जिवाभावाचं बोलत होती. दुसऱ्या दिवशी तोंडाला कोरड, डोक्यात भलत्या शंका. मॉफ घरी जेवणाच्या टेबलावर वडिलांशी भांडतो. बाप वाईट नाही आणि पोरगाही वाईट नाही, तरी एकमेकांना सांगण्यासारखं दोघांकडे काहीच नाही, हे बघताना पोटात खड्डा पडतो. कूपचे वडील मनोरुग्णालयात आहेत, जिपची आई धंदा करून जगते. शुक्रवारी हे सगळं आपण विसरलेलो असतो, तेही विसरलेले असतात. फक्त जिप आणि लुलू त्या रात्री जे बोलले ते दुसऱ्या दिवशीही खरंच राहतं, आणि ही छोटीशी लव्ह स्टोरी केरिगननं फार हळुवार हाताळलीय.

डीव्हीडी वा स्ट्रीमिंग, मिळेल तिथे बघा, पण मूळ १९९९ चाच. २००२ मध्ये निर्मात्यानं दिग्दर्शकाला बाजूला ठेवून 'रीमिक्स्ड' आवृत्ती काढली, तिच्या वाटेला जाऊ नका. सबटायटल्स जरूर लावा, कारण ही पोरं कुणासाठी थांबून बोलत नाहीत. स्पीकर बरे असू द्या, साउण्डट्रॅकमध्ये फॅटबॉय स्लिम आणि ऑर्बिटल आहेत. आणि शक्यतो रविवारी दुपारी बघा, ज्यांच्याबरोबर शुक्रवारी होतात त्यांच्याचबरोबर. आईबाबांसोबत नको, ब्रिटनमध्ये त्याला '१८'चं सर्टिफिकेट होतं ते उगाच नाही!