आधी दहा दाणे ओल्या फडक्यात



मागच्या पावसाळ्यात आमच्या गटाने मिळून पालकाचं बी आणलं, गोण्या भरल्या, रोज पाणी घातलं. पंधरा दिवस झाले तरी काहीच उगवेना. बी जुनं निघालं. पैसे गेलेच, पण ‘माझ्या हाताला गुणच नाही’ म्हणत दोघींनी परसबागच सोडली. दोष हाताचा नव्हता गं!

म्हणून पेरण्याआधी बी तपासा. दहा दाणे ओल्या फडक्यात गुंडाळा, फडकं वाळू देऊ नका. मेथीला दोन-तीन दिवसांत मोड येतात, पालकाला आठवडाभर लागतो. सात-आठ दाणे मोडले तर बी चांगलं. चार-पाचच मोडले तर दाट पेरा. त्याहून कमी असतील तर पेरूच नका.

जागा नाही म्हणू नका. फुटकं घमेलं, जुनी गोणी चालते. तळाला भोकं पाडा, निम्मी माती आणि निम्मं कुजलेलं शेणखत भरा. चार-पाच तास ऊन मात्र हवं. धने रगडून, दोन फाकी करून पेरा. बारीक बी खोल पुरू नका, वरून मातीचा पातळ थर पुरे. मेथी महिन्याभरात ताटात येते.

गावठी वाणाची दोन-चार झाडं न खुडता बियांसाठी राखा. बी नीट वाळवून राखेत ठेवा. संकरित वाणाचं घरचं बी पुढच्या साली तसंच येत नाही. अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे यांनी असेच गावठी वाण जपले आणि २०२० सालच्या पद्मश्रीच्या मानकरी ठरल्या.

तर आज रात्री दहा दाणे फडक्यात बांधा. किती मोडले, ते पुढच्या बैठकीत सांगा!