धरणाची भिंत पाझरतेय? लेखी कळवा, पोच घ्या

२ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं. खालची घरं माणसांसकट वाहून गेली. भिंत गळतेय, अशी तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती.

आता आपल्या हाताशी धरण सुरक्षा कायदा, २०२१ आहे. १५ मीटरपेक्षा उंच धरणांना आणि १० ते १५ मीटरच्या काही धरणांना तो लागू होतो. ज्याचं धरण, त्याची जबाबदारी. मग तो सरकारी विभाग असो की कंपनी. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर तपासणी करायलाच हवी. धोका आला तर गावाला कसं कळवायचं, माणसं कशी वाचवायची, याचा आराखडाही तयार हवा.

पण भिंतीजवळून रोज ये-जा आपली असते. मातीच्या धरणातून थोडं नितळ पाणी पाझरतंच. ते गढूळ झालं तर समजा, आतली माती वाहून चाललीय. धार वाढली, भिंत खचली, भेग पडली, तरी थांबू नका. तहसील कार्यालयाला आणि धरणाच्या अभियंत्यांना लगेच फोन करा. मग गटाच्या सह्यांचा अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या.

धरण लहान असेल, कायद्यात बसत नसेल, तरी अर्ज द्याच. पाणी उंची मोजून येत नाही.

१ मेच्या ग्रामसभेत दोन प्रश्न विचारा: यंदाची तपासणी झाली का? रात्री-अपरात्री आम्हाला सावध कोण करणार?

उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.