दानिएला व्हेगा : एका नटीचें नांव

सन २०१८ च्या मार्च महिन्याची चौथी तारीख. अमेरिकेंतील लॉस एंजेलिस शहरीं ऑस्कर पारितोषिकांचा नव्वदावा समारंभ चालला होता. एका तरुण नटीचें नांव पुकारण्यांत आलें आणि ती निवेदनासाठीं व्यासपीठावर आली. दक्षिण अमेरिकेंतील चिली देशाची ही नटी म्हणजे दानिएला व्हेगा. ह्या समारंभांत निवेदनाचा मान मिळालेली, आपलें पारलिंगीपण उघडपणें सांगणारी ती पहिलीच व्यक्ति होय. त्याच रात्रीं तिची प्रमुख भूमिका असलेल्या चित्रपटास सर्वोत्कृष्ट परभाषीय चित्रपटाचें पारितोषिक मिळालें. देशोदेशींच्या प्रेक्षकांनीं तिचें नांव ऐकलें. पण तिच्या मायदेशाच्या सरकारी दप्तरांत मात्र तें तिचें नांव नव्हतें. तिच्या ओळखपत्रावर जन्मकाळीं नोंदलेलें पुरुषाचें नांव तसेंच होतें. असें कां व्हावें, हें समजण्यासाठीं थोडें मागें जावें लागेल.

मूल जन्मास येतांच त्याची शरीररचना पाहून मुलगा कीं मुलगी हें ठरतें व तशी नोंद होते. बहुतेकांच्या बाबतींत ही नोंद आणि मनांतील स्वतःविषयींची जाणीव ह्यांचा मेळ बसतो. कांहीं थोड्यांच्या बाबतींत तो बसत नाहीं. अशा व्यक्तींना पारलिंगी किंवा ट्रान्सजेंडर म्हणतात. हा मनाचा आजार आहे, अशी समजूत पुष्कळ काळ होती. जागतिक आरोग्य संघटनेनें सन २०१९ मध्यें स्वीकारलेल्या रोगांच्या नव्या वर्गीकरणांत मात्र मानसिक विकारांच्या प्रकरणांतून ही स्थिति वगळण्यांत आली.

हें सोंगहि नव्हे. बालगंधर्वांनीं मराठी रंगभूमीवर स्त्रीभूमिका अजरामर केल्या. परंतु रंग उतरल्यावर ते नारायणराव राजहंसच असत. दानिएलाची गोष्ट नेमकी उलट आहे. पडदा पडल्यानंतरहि ती स्त्रीच असते. तिला सोंग वठवावें लागलें तें बालपणीं, मुलगा म्हणून शाळेंत वावरतांना.

तिचा जन्म ३ जून १९८९ रोजीं चिलीची राजधानी सांतियागो येथें झाला. ऑपेरा ह्या पाश्चात्त्य संगीतनाटकाच्या गायनाची गोडी तिला लहानपणींच लागली आणि त्याचें शिक्षणहि तिनें घेतलें. मुलांच्या शाळेंत मात्र तिच्या वाट्यास छळ आला. किशोरवयांत तिनें आपल्या मनांतील गोष्ट घरीं सांगितली. आईवडिलांनीं तिला अंतर दिलें नाहीं. परंतु घराच्या उंबरठ्याबाहेर तिच्यासाठीं फारशा वाटा नव्हत्या. कांहीं काळ निराशेंत गेला. केशभूषेचें काम करून ती उपजीविका करूं लागली आणि वडिलांच्या प्रोत्साहनानें नाटकाकडे वळली. सांतियागोच्या रंगभूमीवर 'फुलपांखरू-स्त्री' अशा अर्थाचें नांव असलेल्या नाटकांत तिनें काम केलें. तें तिच्याच जीवनावर बेतलेलें होतें. पुढें सन २०१४ मध्यें 'ला व्हिसिता' ह्या चित्रपटांत, पित्याच्या मृत्यूनंतर घरीं परतणाऱ्या पारलिंगी कन्येची भूमिका तिला मिळाली.

ह्याच सुमारास सेबास्तियान लेलिओ हे चिलीचे दिग्दर्शक एका नव्या कथेची जुळवाजुळव करीत होते. पारलिंगी स्त्रीचें जीवन जवळून समजावें म्हणून त्यांनीं दानिएलाची गांठ घेतली, ती नटी म्हणून नव्हे, तर सल्लागार म्हणून. भेटी वाढल्या, बोलणीं वाढलीं, आणि ही भूमिका तिनेंच केली पाहिजे अशी लेलिओंची खात्री झाली. ह्या निर्णयाचें महत्त्व मोठें आहे. तोंवर गाजलेल्या चित्रपटांतून अशा भूमिका बहुधा पारलिंगी नसलेल्या नटांकडेच जात. सन २०१३ च्या 'डॅलस बायर्स क्लब'मध्यें जॅरेड लेटो ह्यांनीं आणि सन २०१५ च्या 'द डॅनिश गर्ल'मध्यें एडी रेडमेन ह्यांनीं पारलिंगी स्त्रियांच्या भूमिका केल्या होत्या. अभिनय वाखाणला गेला. परंतु ज्यांची कथा, त्यांनाच तींत काम नाहीं, ही उणीव राहिलीच.

लेलिओंच्या चित्रपटाचें नांव 'ऊना मुहेर फान्तास्तिका', म्हणजे 'एक विलक्षण स्त्री'. मारीना ही उपाहारगृहांत काम करणारी व रात्रीं गाणारी तरुणी. तिच्याहून वयानें बराच मोठा असलेला तिचा प्रियकर ओर्लांदो अकस्मात् मरण पावतो. शोक करण्यास तिला उसंतच मिळत नाहीं. पोलीस तिचें ओळखपत्र मागतात व त्यावरील पुरुषी नांवानें तिला संबोधतात. मृत्यूंत तिचा हात असावा अशा संशयानें तिच्या शरीराची तपासणी होते. ओर्लांदोचे कुटुंबीय तिला घर सोडावयास लावतात आणि अंत्यविधीस येण्यास मनाई करतात. ह्या साऱ्या प्रसंगांत दानिएला आक्रोश करीत नाहीं. ओठ मिटून, नजर स्थिर ठेवून ती उभी राहते, आणि प्रेक्षकाला तिचें दुःख त्या स्तब्धतेंतूनच कळतें. अखेरीस मारीना रंगमंचावर उभी राहून हेन्डेल ह्या थोर संगीतकाराची रचना गाते. बालपणापासून जोपासलेला दानिएलाचा गळा तेथें कामीं आला आहे.

फेब्रुवारी २०१७ मध्यें बर्लिनच्या महोत्सवांत चित्रपट प्रथम दाखविला गेला व पटकथेसाठीं त्यास रौप्य अस्वलाचें पारितोषिक मिळालें. पुढील वर्षीं ऑस्कर मिळालें, आणि चिलींत एक जुना प्रश्न घरोघरीं चर्चिला जाऊं लागला. तेथें नांव व लिंगाची नोंद बदलावयाची तर न्यायालयांत जावें लागे, आणि निकाल बहुधा न्यायाधीशाच्या मतावर अवलंबून असे. हें बदलण्याचें विधेयक सन २०१३ पासून विधिमंडळांत रेंगाळत होतें. पारितोषिकानंतर लगेच राष्ट्राध्यक्षा मिशेल बाशेलेत ह्यांनीं चित्रपटाच्या मंडळींचें आपल्या प्रासादांत स्वागत केलें. त्यांची कारकीर्द त्याच आठवड्यांत संपली. पण त्यांचे प्रतिपक्षी व वारसदार सेबास्तियान पिन्येरा ह्यांच्याच स्वाक्षरीनें २८ नोव्हेंबर २०१८ रोजीं कायदा झाला व डिसेंबर २०१९ मध्यें तो अमलांत आला. हें श्रेय एका चित्रपटास देणें योग्य नव्हे. संघटना वर्षानुवर्षें झगडत होत्या. तथापि विधेयकांतील कलमांमागें एक माणूस उभा आहे, हें दानिएलाच्या चेहऱ्यानें लोकांना दाखविलें, एवढें खरें.

पुढें तिनें अमेरिकेंतील दूरचित्रवाणीमालिकेंतहि काम केलें. सन २०२० च्या 'ला हाउरिआ' ह्या चिलीच्या मालिकेंत तर ती पोलीस अधिकाऱ्याच्या भूमिकेंत दिसली. जी मारीना पोलिसांपुढें मुकाट्यानें उभी राहिली, तिचीच नटी आतां तपास करणाऱ्यांच्या बाजूस आली होती.

नव्या कायद्यानें चिलींतील अविवाहित प्रौढ व्यक्तीस नोंदणी कचेरींत अर्ज करून आपलें नांव व लिंगाची नोंद बदलून घेतां येते. चौदा ते अठरा वर्षांच्या मुलांसाठींहि कुटुंब न्यायालयाचा मार्ग खुला झाला आहे. मात्र अर्ज पालकांनीं करावयाचा असतो. म्हणजे कायदा असला तरी पहिलें पाऊल घरांतूनच उचललें जावें लागतें. दानिएलाच्या घरीं तें कायद्याच्या कितीतरी आधीं उचललें गेलें होतें.