छपाईची शाई वाळूं नये म्हणून



आमचें मुरबे गांव पालघर तालुक्यांतलें, अगदीं समुद्रकांठचें. खाडीच्या पलीकडे सातपाटी, अलीकडे आम्ही. मासे वाळविणें हा येथील पिढीजात उद्योग. तेव्हां एखादी वस्तु कशी वाळते हें आम्हां गांवकऱ्यांस कोणीं नव्यानें शिकवावयास नको, अशी माझी समजूत होती. ती समजूत माझ्याच टेबलावरील प्रिंटरनें खोटी ठरविली.

शाळेंतून निवृत्त झाल्यावर शेजारच्या मुलांचे अर्ज छापून देतां यावेत म्हणून मीं शाईवर चालणारा एक प्रिंटर घेतला. एका उन्हाळ्याच्या सुटींत सुमारें दोन महिने त्यास कोणाचा हात लागला नाहीं. जून महिन्यांत शेजारची एक मुलगी प्रवेशाचा अर्ज छापून घेण्यास आली. अर्ज देण्याचा तो शेवटचा दिवस. कागद आंत गेला, यंत्र घरघरलें, आणि कागद बाहेर आला तो जवळजवळ कोरा! नांवाच्या जागीं दोनचार पुसट रेघा. बिचारीला बोईसरला धांवावें लागलें. अर्ज वेळेवर पोंचला खरा, पण तिचा उतरलेला चेहरा मी अद्यापि विसरलों नाहीं. दोष यंत्राचा नव्हता, माझ्या अज्ञानाचा होता. तें घालविण्यासाठीं जें शिकलों, तेंच आज आपणांस सांगतों.

शाई वाळण्याची तक्रार कांहीं आजची नव्हे. दौतीचें झांकण उघडें राहिलें कीं शाई घट्ट होई, आणि वडील माणसें चार थेंब पाणी घालून ती पुन्हां चालती करीत. मुंबईस गणपत कृष्णाजी यांनीं १८३१ सालीं मराठी पंचांग छापलें. आपल्या छापखान्याची शाईही ते स्वतःच तयार करीत. खिळ्यांच्या छपाईची जुनी शाई म्हणजे शिजविलेल्या अळशीच्या तेलांत घोटलेलें काजळ. ती हवेंतील प्राणवायु घेऊन घट्ट होते, व तिच्यावर सायीसारखा पापुद्रा धरतो. घरगुती प्रिंटरच्या शाईंत मात्र मुख्य भाग पाण्याचा. तें लवकर उडूं नये म्हणून ग्लिसरीनसारखे ओलावा धरून ठेवणारे द्रव तींत मिसळतात.

ही शाई कागदावर जाते कशी? जपानांतील कॅनन कंपनीच्या प्रयोगशाळेंत १९७७ सालीं डाख देण्याची तापलेली सळई शाईनें भरलेल्या पिचकारीच्या सुईला लागली, आणि शाई फवाऱ्यासारखी उडाली. त्या अपघातांतून एक युक्ति निघाली. शाईला क्षणभर उष्णता द्यावयाची, म्हणजे बुडबुडा उत्पन्न होतो व थेंब बाहेर फेंकला जातो. कांहीं यंत्रांत हेंच काम विजेच्या दाबानें वाकणारा स्फटिक करतो. दोन्ही रीतींत थेंब ज्या छिद्रांतून उडतो, तें केसाहून बारीक असतें.

मुख्य मर्म येथें आहे. टांकी भरलेली असते. वाळतो तो छिद्राच्या तोंडाशीं असलेला सूक्ष्म थेंब. बोंबलांतील पाणी जाऊन जसा घन भाग मागें राहतो, तसाच शाईंतील रंग तेथें बुचासारखा बसतो. कोणी म्हणेल, किनाऱ्यावरची हवा तर दमट! परंतु दमट हवेनें वाळणें मंदावतें, थांबत नाहीं. पावसाळ्यांत धोतरें उशिरां वाळतात, पण वाळतातच.

यंत्र बनविणारांनीं यावर योजना केलेली आहे. काम संपलें कीं छिद्रांचा तो भाग एका कोपऱ्यांत जाऊन रबरी टोपणावर बसतो. हेंच त्याचें दौतीचें झांकण. म्हणून पहिला नियम असा कीं, प्रिंटर त्याच्याच बटणानें बंद करावा व तो शांत झाल्यावरच भिंतीवरची कळ दाबावी. छपाई चालूं असतां वीज गेली तर झांकण बसत नाहीं. वीज परत येतांच यंत्र सुरू करून पुन्हां रीतसर बंद करावें.

दुसरा नियम: आठवड्यांतून एकदां, सर्व रंग वापरले जातील असें एक पान छापावें.

तिसरा: शाईची नळकांडीं उगाच काढून ठेवूं नयेत, नवीं गरजेआधीं फोडूं नयेत. यंत्र उन्हांत किंवा पंख्याच्या झोतांत नसावें, व त्यावर स्वच्छ कापड घालावें.

इतकें करूनही रेघा तुटल्या तर यंत्रांतील सफाईची सोय वापरावी. पण दोनतीन वेळांच. प्रत्येक सफाईंत पुष्कळ शाई वायां जाते. मग एक रात्र थांबून पुन्हां पाहावें. मऊ झालेलें बूच पुष्कळदां आपोआप सुटतें. ज्या नळकांड्यावरच छिद्रें असतात, तें काढून बॅटरीसाठीं मिळणाऱ्या शुद्ध पाण्यानें ओलावलेल्या, सूत न सुटणाऱ्या फडक्यावर हलकेंच टेकवावें. विहिरीचें मचूळ पाणी नको, कारण त्यांतील क्षारच छिद्रांत बसतात. सुई तर कधींच घालूं नये.

ज्यांना महिन्यामहिन्यांनीं चार काळीं पानेंच छापावयाचीं असतात, त्यांनीं लेसर प्रिंटर घेणें बरें. त्यांत कोरडी पूड असते. ती उष्णतेनें कागदावर चिकटते, आणि जें कोरडेंच आहे तें वाळणार काय?

हल्लीं मी दर शनिवारीं शेजारच्या मुलांसाठीं गणितांचें एक पान छापतों. मथळा लाल, आंकडे निळे, चौकट पिवळी. मुलांना अभ्यास होतो आणि शाई वाहती राहते. गेल्या जूनमध्यें त्याच मुलीचा धाकटा भाऊ अर्ज घेऊन आला, तेव्हां कागद पहिल्याच खेपेस स्वच्छ उमटून बाहेर पडला. ज्ञान असो कीं शाई, वापरांत राहिली तरच टिकते, एवढें सांगून आपली रजा घेतों.