मोटरगाडीच्या एंजिनाचे अतितापन
मोटरगाडीच्या एंजिनाचे तापमान त्याच्या नेहमीच्या कार्यकारी मर्यादेपलीकडे जाणे याला अतितापन म्हणतात. व्यवहारात ‘गाडी गरम होणे’ किंवा ‘पाणी उकळणे’ या शब्दांनी ते ओळखले जाते. अतितापन हा स्वतंत्र बिघाड नव्हे. शीतन व्यवस्था, प्रज्वलन किंवा खुद्द सिलिंडर यांतील एखाद्या दोषाचे ते लक्षण असते. त्यामुळे भाग बदलण्यास प्रारंभ करण्यापूर्वी गाडी केव्हा आणि कोणत्या परिस्थितीत तापते हे ठरविणे हाच निदानाचा पाया होय. प्रस्तुत नोंदीत कार्ब्युरेटर असलेल्या, पाण्याने शीतन होणाऱ्या जुन्या पेट्रोल गाड्यांचा मुख्यत्वे विचार केला आहे. भारतात अशा गाड्यांची सर्वपरिचित उदाहरणे दोन : पश्चिम बंगालमधील उत्तरपाडा येथे २०१४ पर्यंत तयार होत असलेली अँबॅसडर आणि मुंबईत कुर्ला येथे तयार झालेली, प्रथम फियाट ११०० डिलाइट व पुढे प्रीमियर पद्मिनी या नावाने विकली गेलेली गाडी. पद्मिनीची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून नाहीशी झाली. तथापि हौशी मालकांनी जतन केलेल्या या दोन्ही प्रकारच्या गाड्या अद्याप वापरात आहेत.

शीतन व्यवस्था : पेट्रोलच्या ज्वलनातून मिळणाऱ्या ऊर्जेपैकी अशा एंजिनात सु. एक-चतुर्थांश ऊर्जेचेच उपयुक्त कार्य होते. उरलेल्या ऊर्जेचा मोठा भाग निष्कास वायूंबरोबर बाहेर जातो आणि सु. एक-तृतीयांश भाग सिलिंडरांच्या भिंतींवाटे व शीर्षावाटे (हेडवाटे) शीतन जलात येतो. हे पाणी पंपाच्या साहाय्याने सिलिंडरांभोवतीच्या जलावरणातून वर शीर्षात, तेथून थर्मोस्टॅटमधून रेडिएटरच्या वरच्या टाकीत आणि रेडिएटरच्या चपट्या नळ्यांतून खाली येऊन पुन्हा पंपाकडे जाते. नळ्यांना जोडलेल्या पातळ पत्र्याच्या पंखांवरून (फिनवरून) वाहणारी हवा उष्णता घेऊन जाते. गाडी वेगात असताना ही हवा आपोआप मिळते. गाडी उभी असताना किंवा सावकाश चालत असताना ती एंजिनावरील पंख्याने ओढून घ्यावी लागते. प्रारंभीच्या काही गाड्यांत पंप नसे. गरम पाणी हलके होऊन वर चढते या तत्त्वावरच अभिसरण होई. फोर्ड कंपनीच्या ‘टी’ नमुन्याच्या बहुतेक सर्व गाड्यांत हीच योजना होती.

रेडिएटरचे झाकण दाबाचे असते, ही गोष्ट अनेकदा दुर्लक्षित राहते. झाकणातील स्प्रिंगमुळे व्यवस्थेत वातावरणापेक्षा अधिक दाब टिकून राहतो आणि पाण्याचा उकळबिंदू वाढतो. दर चौ. सेंमी.ला ०·५ किग्रॅ. इतक्या जादा दाबाला समुद्रसपाटीवर पाणी सु. १११° से.ला, तर १ किग्रॅ.ला सु. १२०° से.ला उकळते. झाकणाची रबरी चकती कडक होऊन दाब टिकेनासा झाला, तर एरवी निर्दोष असलेल्या एंजिनातील पाणीही चढावर उकळते. महाबळेश्वरसारख्या सु. १,३७० मी. उंचीच्या ठिकाणी उघडे पाणी ९६° से.च्या आतच उकळते हे लक्षात घेतले म्हणजे घाटात सदोष झाकणाचा परिणाम अधिक का जाणवतो ते कळून येते. झाकण ही सर्वांत स्वस्त वस्तू असून तिची तपासणी मात्र सर्वांत शेवटी होते.

निदान : प्रथम गाडी खरोखरच तापते आहे काय हे पाहावे. जुन्या गाड्यांतील तापमानदर्शक व त्याचा संवेदक पुष्कळदा चुकीचे तापमान दाखवितात. काटा तांबड्या पट्ट्यात असूनही वरचा होज पाइप नेहमीइतकाच गरम असेल आणि झाकणाशी वाफ नसेल, तर पाण्याचे तापमान स्वतंत्र तापमापकाने मोजावे. उलट, पाण्याची पातळी संवेदकाच्या खाली गेलेली असल्यास काटा खाली राहतो आणि एंजिन मात्र जळत असते. हा प्रकार अधिक धोक्याचा होय.

अतितापनाशी घोटाळा होणारा दुसरा प्रकार म्हणजे पेट्रोलचा बाष्परोध. उन्हाळ्यात घाट चढताना गाडी आचके देऊन बंद पडते, परंतु पाणी उकळलेले नसते. एंजिनाला लागून असलेल्या पेट्रोल पंपात किंवा नळीत पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा तुटतो, हे याचे कारण. पंपावर ओले फडके ठेवण्याचा चालकांचा जुना उपाय या दोषावर लागू पडतो. रेडिएटरच्या दोषावर त्याचा काडीमात्र उपयोग नाही.

खरे अतितापन असल्यास ते केव्हा होते यावरून शोधाची दिशा ठरते. गाडी शहरातील गर्दीत किंवा उभी असताना तापते आणि मोकळ्या रस्त्यावर थंड होते, तेव्हा दोष बहुधा हवेच्या प्रवाहात असतो. पंख्याचा पट्टा सैल किंवा तेलकट होऊन घसरणे, पंख्याचे पाते तुटणे, रेडिएटरभोवतीचे पत्र्याचे आच्छादन काढून टाकलेले असणे ही त्याची कारणे होत. पट्ट्याच्या सर्वांत लांब भागावर अंगठ्याने दाबले असता तो सु. १२ मिमी. दबला पाहिजे. हाच पट्टा सामान्यतः पाण्याचा पंप व डायनामोही फिरवितो. म्हणून प्रभारणाचा (चार्जिंगचा) तांबडा दिवा लागून लगेच काटा चढू लागला, तर पट्टा तुटला असे समजून तत्काळ थांबावे. नंतरच्या काळातील ज्या गाड्यांत विजेचा पंखा असतो त्यांत त्याचा तापस्विच, फ्यूज व जोडण्या तपासाव्या लागतात.

याउलट, गर्दीत ठीक असणारी गाडी सलग वेगात किंवा घाटात तापत असेल, तर हवा पुरेशी असून पाणी पुरेसे फिरत नाही किंवा रेडिएटर पुरेशी उष्णता टाकू शकत नाही असे अनुमान निघते. खोपोलीहून खंडाळ्यापर्यंत बोर घाटात गाडी सु. ५०० मी. चढते. एंजिन पूर्ण भारावर आणि वेग मात्र कमी, अशा स्थितीत शीतन व्यवस्थेची खरी परीक्षा होते. सपाटीवर झाकून राहिलेला रेडिएटरचा दोष येथे उघडा पडतो. आणखी एक कारण सहसा सुचत नाही. खालचा होज पाइप पंपाच्या शोषण बाजूस असल्यामुळे तो जुना व मऊ झाला किंवा त्याच्या आतील स्प्रिंग गंजून गेली, तर एंजिनाची गती वाढताच तो आत चेपला जातो आणि प्रवाह थांबतो. एंजिन मंद करताच तो पुन्हा पूर्ववत फुगतो. त्यामुळे उभ्या गाडीत नुसत्या पाहणीने हा दोष सापडत नाही. साहाय्यकाकडून एंजिनाची गती वाढवून पाइपाकडे पाहावे लागते.

थंड एंजिन सुरू केल्यावर काही मिनिटांतच तापमान झपाट्याने चढले आणि रेडिएटर थंड राहिला, तर थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला असण्याचा संभव असतो. तो काढून, दोऱ्याने बांधून पाण्याच्या भांड्यात लोंबता ठेवावा आणि भांडे तापवावे. त्यावर कोरलेल्या तापमानाला, म्हणजे बहुधा ८०° से.च्या आसपास, झडप उघडू लागली पाहिजे व आणखी १०° ते १२° से. वाढीनंतर ती पूर्ण उघडली पाहिजे.

पाणी वरचेवर कमी होत असेल तर गळती शोधावी. होज पाइपांचे सांधे, रेडिएटरचे झाळलेले कोपरे आणि पंपाखालील लहान छिद्र ही नेहमीची ठिकाणे होत. या छिद्रातून पाणी टिपकू लागले म्हणजे पंपाची संमुद्रा (सील) झिजली असे समजावे. छिद्र बुजविणे हा उपाय नव्हे. त्यामुळे पाणी धारव्यात (बेअरिंगमध्ये) शिरते. ठोकळ्याच्या बाजूस बसविलेल्या पत्र्याच्या टोप्या आतून गंजून फुटतात आणि त्या मॅनिफोल्डच्या मागे दडलेल्या असल्यास गळती केवळ वाफेच्या रूपात दिसते.

शीतन व्यवस्थेत काहीच दोष आढळला नाही तर प्रज्वलनाकडे वळावे. ठिणगी उशिरा पडत असल्यास ज्वलन दट्ट्या खाली जात असतानाही चालू राहते. शक्ती घटते आणि सिलिंडराच्या भिंती व निष्कास झडपा जादा तापतात. वितरकातील केंद्रोत्सारी वजने गंजून अडकणे व निर्वात पटल फाटणे ही याची जुन्या गाड्यांतील नेहमीची कारणे होत. कार्ब्युरेटरमधून मिळणारे मिश्रण फार क्षीण असल्यासही एंजिन तापते. अलीकडे पेट्रोलमध्ये २० टक्के एथेनॉल मिसळले जाते. अशा इंधनाला पूर्ण ज्वलनासाठी तेवढ्याच हवेमागे शुद्ध पेट्रोलपेक्षा सु. ८ टक्के अधिक इंधन लागते. कार्ब्युरेटर ही दुरुस्ती आपण होऊन करू शकत नाही, म्हणून मिश्रण आधीच क्षीण बाजूस असलेल्या गाडीत जेट तपासून घेणे इष्ट ठरते. ब्रेक घासत राहणे हेही एक कारण असू शकते.

शीर्षाचे गॅस्केट : अतितापनाचे हे कारणही आहे आणि परिणामही. सिलिंडर व जलावरण यांच्यामधील गॅस्केट जळाले म्हणजे ज्वलनाचे वायू पाण्यात शिरतात. थंड एंजिनाचे झाकण काढून ते सुरू केले असता रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येणे, थांबल्यानंतर होज पाइप दीर्घकाळ कडक राहणे, निष्कासातून पांढरी वाफ येणे आणि तेल भरण्याच्या झाकणाखाली दुधट फेस जमणे ही त्याची चिन्हे होत. मात्र हा फेस थंडीत थोड्या अंतरासाठीच चालविल्या जाणाऱ्या निर्दोष गाडीतही आढळतो, म्हणून एकट्या त्यावरून निर्णय करू नये. दाबमापकाने शेजारशेजारच्या दोन सिलिंडरांत संपीडन कमी आढळल्यास गॅस्केट त्यांच्या मधोमध जळाले असे समजावे. रेडिएटरमधील हवा ब्रोमोथायमॉल ब्ल्यू असलेल्या निळ्या द्रवातून नेली असता द्रव पिवळा झाला, तर पाण्यात ज्वलनजन्य कार्बन डाय-ऑक्साइड आहे हे सिद्ध होते.

या बाबतीत वर उल्लेखिलेल्या दोन गाड्यांत महत्त्वाचा फरक आहे. अँबॅसडरच्या १,४८९ घ. सेंमी. पेट्रोल एंजिनाचा ठोकळा व शीर्ष दोन्ही ओतीव लोखंडाची. तर पद्मिनीच्या १,०८९ घ. सेंमी. एंजिनाचा ठोकळा लोखंडाचा, पण शीर्ष ॲल्युमिनियमाच्या मिश्रधातूचे आहे. ॲल्युमिनियम तापल्यावर लोखंडाच्या सु. दुप्पट प्रसरण पावते. बोल्टांनी जखडलेले शीर्ष जास्त तापले की त्याला मोकळेपणाने पसरता येत नाही आणि ते वाकते. म्हणून अँबॅसडरने सोसलेले एखादे अतितापन पद्मिनीला सोसेलच असे नाही. काढलेल्या शीर्षावर सरळ पट्टी ठेवून सर्व दिशांनी जाडीमापक पात्यांनी (फीलर गेजने) फट मोजावी. ती ०·१ मिमी.पेक्षा अधिक असेल तर पृष्ठभाग यंत्रावर सपाट करून घेतल्याविना नवे गॅस्केट बसविणे म्हणजे तेच काम दुसऱ्यांदा करण्याची तयारी होय.

थर्मोस्टॅट काढून टाकणे : आपल्याकडील उष्ण हवेत थर्मोस्टॅटची गरज नाही, अशी समजूत कारागिरांत रूढ असून गाडी तापल्याची तक्रार येताच तो काढून टाकला जातो. ही समजूत चुकीची आहे. थर्मोस्टॅटविना एंजिन कार्यकारी तापमानाला उशिरा पोहोचते, न जळलेले पेट्रोल सिलिंडरांच्या भिंतींवरून वंगण तेलात उतरते आणि कड्या व भिंती लवकर झिजतात. शिवाय, काही एंजिनांत थर्मोस्टॅटची झडप उघडताना उपमार्ग बंद करते. तो काढल्यास गरम पाण्याचा काही भाग रेडिएटरकडे न जाता उपमार्गाने परत एंजिनात जातो, आणि ज्या दोषावर उपाय म्हणून तो काढला तोच दोष वाढतो. थर्मोस्टॅट काढल्यावर गाडी थंड राहू लागली, तरी पुष्कळदा रेडिएटर अंशतः बुजलेला असून मूळ दोष तसाच राहिला आहे असाच तिचा अर्थ असतो.

रेडिएटरची स्वच्छता व पाणी : दख्खनच्या पठारावरील अनेक विहिरींचे व कूपनलिकांचे पाणी कठीण असते. ते वारंवार भरल्याने नळ्यांत व जलावरणात कॅल्शियम कार्बोनेटाचे किटण साचते. या किटणाची उष्णतावाहकता लोखंडाच्या सु. विसाव्या भागाहूनही कमी असल्यामुळे पातळ थरही पुरेसा बाधक ठरतो. प्रथम रेडिएटर एंजिनापासून सोडवून त्यात खालच्या बाजूने, म्हणजे नेहमीच्या प्रवाहाच्या उलट दिशेने, पाणी सोडावे. तेवढ्याने काम झाले नाही तर झाळलेली वरची टाकी उघडून प्रत्येक नळीतून चपटी सळई फिरवितात. जुने रेडिएटर तांबे व पितळेचे असल्याने हे शक्य होते. प्लॅस्टिकच्या टाक्या असलेल्या ॲल्युमिनियमाच्या रेडिएटरांना ही सोय नाही. पंखांमधील चिखल व कीटक एंजिनाच्या बाजूने पाण्याचा सौम्य फवारा मारून काढावेत. जोरदार फवाऱ्याने पंख आडवे होतात.

नंतर ऊर्ध्वपातित पाणी व एथिलीन ग्लायकॉल यांचे मिश्रण भरावे. ग्लायकॉल पाण्यापेक्षा कमी उष्णता वाहून नेते, त्यामुळे ते निर्भेळ वापरणे अयोग्य होय. निम्मे-निम्मे मिश्रण वातावरणीय दाबाला सु. १०७° से.ला उकळते. परंतु महाराष्ट्रात, जेथे पाणी गोठण्याचा प्रश्न उद्भवत नाही तेथे, त्याचा खरा लाभ त्यातील गंजरोधक द्रव्यांचा आहे. ही द्रव्ये कालांतराने निष्प्रभ होत असल्याने मिश्रण सु. दोन वर्षांनी बदलावे. एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड परंतु विषारी असते. काढलेले मिश्रण उघड्या भांड्यात मुलांच्या किंवा जनावरांच्या आवाक्यात ठेवू नये.

रस्त्यावरील तातडीचे उपाय : काटा चढू लागताच गाडी बाजूस घ्यावी. गाडीत तापक (हीटर) असल्यास तो पूर्ण उघडावा. तो लहानशा दुसऱ्या रेडिएटरचे काम करतो. पाणी बाहेर पडलेले नसेल व पट्टा शाबूत असेल, तर एंजिन लगेच बंद न करता काही वेळ मंद गतीपेक्षा किंचित अधिक गतीने चालू ठेवावे, कारण पंप थांबताच शीर्षातील साठलेल्या उष्णतेने स्थिर पाणी अधिकच तापते. वाफ जोराने येत असेल किंवा पट्टा तुटला असेल, तर मात्र एंजिन तत्काळ बंद करणे हाच एक मार्ग होय. तापलेल्या रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. दाब नाहीसा होताच शंभर अंशांहून अधिक तापमानाचे पाणी क्षणात उकळून उसळते आणि चेहरा व हात गंभीरपणे भाजतात. किमान अर्धा तास थांबून, जाड फडके धरून झाकण पहिल्या खाचेपर्यंतच फिरवावे, फुसफुस पूर्ण थांबू द्यावी आणि मगच काढावे. त्यानंतरही थंड पाणी एकदम ओतल्यास तप्त शीर्षास तडा जाण्याचा धोका असतो. एंजिन हात लावता येईल इतके निवल्यावर ते मंद गतीने सुरू करून पाणी, शक्य तर कोमट, थोडे थोडे घालावे.