बॅटरीवरील छाटणी-कात्रीच्या पात्यांची निगा

पुणे-दौंड लोहमार्गावरील खुटबाव व आसपासच्या गावांत ऊस हे प्रमुख पीक असले, तरी डाळिंबाच्या बागांमुळे छाटणीचे काम तेथील शेतकऱ्यांच्या परिचयाचे आहे. अलीकडे साध्या सिकेटरच्या जोडीला बॅटरीवर चालणारी कात्री अनेक बागांत आली आहे. तिने श्रम वाचतात हे खरे. परंतु साधी कात्री बोथट झाली की मनगट लगेच सांगते. या कात्रीत तो भार मोटर मुकाट्याने सोसते आणि नुकसान झाडाचे होते.

बोथट पाते फांदी कापीत नाही, ती चेंगरते. साल फाटून राहते व अशी जखम लवकर भरून येत नाही. म्हणून दर थोड्या वेळाने कापलेले टोक पाहावे. ते गुळगुळीत नसेल, किंवा बॅटरी नेहमीपेक्षा लवकर उतरू लागली असेल, तर काम थांबवून पाते तपासावे. झाडास आधार दिलेल्या तारेवर कात्री पडली, तर पात्यास हमखास खाच पडते; मजुरांना ही गोष्ट आधीच बजावून ठेवावी.

तेल्या रोगाचे जंतू छाटणीच्या हत्यारांबरोबर एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जातात. यासाठी प्रत्येक झाडानंतर कात्री २.५ टक्के सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणाने निर्जंतुक करावयाची असते. बाजारातील द्रावण १० टक्क्यांचे असल्यास त्याच्या एका भागात तीन भाग पाणी मिसळावे. साधी कात्री या द्रावणात बुडविता येते. बॅटरीची कात्री मात्र कदापि बुडवू नये, कारण पाणी आत शिरल्यास मोटर निकामी होते. खटका बंद करून व बॅटरी काढून, हातमोजे घालून, द्रावणात भिजविलेल्या फडक्याने पात्याच्या दोन्ही बाजू पुसाव्यात. यास वेळ लागतो, आणि नेमकी याच कामात टाळाटाळ होते. रोगट बागेत दोन साध्या कात्र्या आळीपाळीने द्रावणात ठेवून वापरणे अधिक सोयीचे, असे आमचे मत आहे. हे द्रावण लोखंड खाते. सायंकाळी पाते ओल्या फडक्याने पुसून, कोरडे करून त्यास तेलाचा हात द्यावा.

धार लावताना एक गोष्ट विसरू नये. चालत्या पात्याची एकच बाजू उतरती असते. दगड किंवा बारीक कानस त्याच बाजूवर, मूळ उतार राखून, एकाच दिशेने फिरवावी. सपाट बाजूस धार लावल्यास दोन पात्यांत फट राहते व कोवळे पाणसोट त्या फटीत नुसते दुमडतात. धार लावल्यावर सपाट बाजूवर जी बारीक खरखरीत कड उभी राहते, तेवढी दगड सपाट धरून हलकेच काढावी.

खोल खाच पडलेले किंवा घासून अरुंद झालेले पाते बदलणेच योग्य. प्रथम पाती उघडी ठेवून खटका बंद करावा व बॅटरी काढावी. नंतर घोडा एकदा दाबून पाती हलत नाहीत याची खात्री करावी. बॅटरी न काढता पात्यास हात लावणे म्हणजे बोट गमावण्याची तयारी होय. बाजूचे झाकण उघडून मधला नट पान्याने सैल करावा. सुटे भाग ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने पांढऱ्या फडक्यावर मांडावेत. बागेतल्या मातीत पडलेला बारीक स्क्रू सापडत नाही. पात्याच्या मागील दात्यांजवळचे जुने, कचरा धरलेले ग्रीस पुसून नवे लावावे. नवे पाते त्याच बनावटीचे घ्यावे व दात्यांत दाते नीट बसल्याचे पाहावे.

नट किती आवळावा हा प्रश्न नेहमी विचारला जातो. पाते आडवे हलू नये, पण अडखळूही नये, इतपत. फार आवळल्यास मोटर तापते, सैल ठेवल्यास पाती एकमेकांपासून फाकतात. झाकण लावून, बॅटरी बसवून कात्री काही वेळा रिकामी चालवावी; मग एक हिरवी बारीक काडी कापून पाहावी. काडीची साल लोंबत राहिली, तर बॅटरी पुन्हा काढून नट किंचित आवळावा व दुसरी काडी घ्यावी.