एक मिनिट, पाच मणी

मूल आईच्या मांडीवर निजलंय. अंगातलं झबलं वर सरकवलेलं, पोट उघडं. समोर उकिडवी बसलेली सुईण वाळूचं छोटं घड्याळ उलटं करते आणि मुलाच्या पोटावर नजर रोखते. पोट वर आलं, खाली गेलं, एक. दहा श्वास झाले की तारेत ओवलेला एक मणी बाजूला सारायचा आणि पुन्हा एकपासून मोजायला लागायचं. मूल दोन महिन्यांहून मोठं असेल तर पाच मण्यांची ओळ, त्याहून लहान असेल तर सहा मण्यांची. वाळू संपायच्या आत ओळ संपली तर हा न्यूमोनिया समजायचा आणि औषध सुरू करायचं. वाळू आधी संपली तर साधा खोकला. एक्स-रे नाही, स्टेथोस्कोपही नाही. आणि मोजणाऱ्या बाईला पन्नास-साठपर्यंतचे आकडे येत नसले तरी काही अडत नाही, दहापर्यंत आले की भागलं!

हे यंत्र गडचिरोलीचं. ते बनवलं डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी. त्याचा शोधनिबंध 1992 साली छापून आला. तसं पाहिलं तर या यंत्रात नवीन असं काहीच नाही. वाळूचं घड्याळ जुनं, मणीही जुने. नवीन आहे तो विचार: निदान हे काम दवाखान्यातून उचलून मुलाच्या उशाशी नेता येतं.

राणीताई चंद्रपूरच्या, स्त्रीरोगतज्ज्ञ. अभय बंग वर्ध्याचे, शिक्षणाने फिजिशियन. दोघंही नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकले. 1984 साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून सार्वजनिक आरोग्याची पदवी घेऊन परतले आणि गडचिरोलीत येऊन ‘सर्च’ ही संस्था उभी केली. गडचिरोली जिल्हा 1982 साली चंद्रपुरातून वेगळा झालेला, म्हणजे तेव्हा जेमतेम चालायला लागलेला. तिथं संशोधन करायचं तर प्रश्न कोणता निवडायचा? पहिला मोठा प्रश्न राणीताईंनी निवडला आणि तो जगात कुणी नीट विचारलेलाच नव्हता.

खेड्यातल्या बाईला गर्भाशयाचे, योनिमार्गाचे, पाळीचे किती आजार असतात? दवाखान्यात येते तिचीच नोंद होते. जी येत नाही तिचं काय? मग दवाखान्याच्या दारात वाट न पाहता दोन गावांतल्या 650 बायकांची रीतसर तपासणी केली गेली, प्रयोगशाळेतल्या चाचण्यांसह. निकाल ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या 14 जानेवारी 1989 च्या अंकात आला. 92 टक्के बायकांना एक ना एक स्त्रीरोग होता. सरासरी काढली तर एकीमागे 3.6 आजार. यांतल्या निम्म्या आजारांच्या मुळाशी जंतुसंसर्ग. आणि याआधी स्त्रीरोगांसाठी कधी तपासणी झालेल्या बायका किती, तर 8 टक्के.

मला या निबंधातला सर्वांत बोलका आकडा यातला कुठलाच वाटत नाही. तक्रार सांगणाऱ्या बायका 55 टक्के होत्या. उरलेल्या 45 टक्के जणींना, विचारल्यावरही, काही होत असल्याचं सांगता आलं नव्हतं. तरी तपासणीत आजार सापडले ते शेकडा 92 जणींना. अंगावरून पांढरं जाणं, कंबर दुखणं हे बाईच्या जातीला चालायचंच, असं धरून चालणाऱ्या घरात तक्रार तरी कशाला म्हणायचं? सरकारी आरोग्ययंत्रणेला त्या काळात बाई दिसायची ती दोनच वेळा, गरोदरपणात आणि कुटुंबनियोजनाच्या शिबिरात. पुढे 1994 च्या कैरो परिषदेत जगभरच्या सरकारांनी स्त्रीच्या प्रजनन आरोग्याचा व्यापक विचार मान्य केला. त्या चर्चेआधी पाच वर्षं गडचिरोलीचा हा पुरावा जगापुढे मांडला गेला होता.

बाईच्या पोटाशी ज्यांचा पिढ्यान्‌पिढ्या संबंध, त्या सुईणी. आणि त्याच पुढे मुलाच्या छातीकडे वळल्या.

न्यूमोनियात फुप्फुसाच्या इवल्या वायुकोशांत पू आणि पाणी साचतं. फुप्फुस ताठर होतं. ताठर फुप्फुस पूर्ण फुगवायला फार ताकद लागते आणि तान्ह्या बाळाकडे ती नसते. मग शरीर आपलं आपण एक तोडगा काढतं: खोल श्वास घ्यायचाच नाही, उथळ घ्यायचे पण भराभर. म्हणून आत काय चाललंय ते बाहेर पोटावर उमटतं, आणि मोजता येतं. ऑस्ट्रेलियन बालरोगतज्ज्ञ फ्रँक शान यांनी 1980 च्या दशकात पापुआ न्यू गिनीत काम करताना हे दाखवून दिलं होतं, की खोकणाऱ्या मुलाच्या श्वासांची मिनिटाची संख्या न्यूमोनिया ओळखायला पुरते. विदर्भातल्या आयाबायांनाही ही लगबग ठाऊक होतीच. गडचिरोलीकडे त्याला ‘लहाक’ म्हणत, ‘डब्बा’ म्हणत. खूण लोकांच्या ओळखीची होती. तिला आकडा जोडला गेला.

मग प्रयोग. 102 गावं. त्यांतल्या 58 गावांत प्रशिक्षित कार्यकर्ते, आरोग्यसेवक आणि सुईणी यांनी मुलांचे श्वास मोजले आणि कोट्रायमोक्साझोल हे स्वस्त प्रतिजैविक दिलं. उरलेल्या 44 गावांत जी सरकारी सेवा होती तीच चालू राहिली. 1990 च्या ‘लॅन्सेट’मध्ये आकडे आले: कार्यकर्त्यांनी न्यूमोनियाच्या 612 आजारपणांवर उपचार केले, त्यांत मृत्यू 0.8 टक्के. तुलनेच्या गावांत 13.5 टक्के. टक्क्यांची भाषा बाजूला ठेवून हिशेब करून पाहा. 612 पैकी पाच मुलं गेली. दुसऱ्या गावांचा दर इथं लागू असता तर त्र्याऐंशी गेली असती. वाचलेल्या एका मुलामागे औषधाचा खर्च 2.64 डॉलर, तेव्हाच्या भावानं पन्नास रुपयांच्या आत.

अर्धशिक्षित बाईच्या हाती प्रतिजैविक द्यायचं? डॉक्टरमंडळींचा हा आक्षेप पोकळ नव्हता. औषधाचा गैरवापर होतो, जंतू निगरगट्ट होतात. पण आक्षेप घेताना एक गोष्ट नजरेआड व्हायची. ज्या गावात डॉक्टर येतच नाही तिथं निवड डॉक्टर की सुईण अशी नसते. सुईण की कुणीच नाही, अशी असते. माझ्या मते या कामातलं खरं धाडस इथं आहे. मणी आणि वाळू त्यानंतर.

पुढची पायरी आणखी नाजूक होती, जन्मानंतरचे पहिले 28 दिवस. गर्भात असताना बाळाच्या फुप्फुसात हवा नसते, द्रव असतो. प्राणवायू वारेतून, आईच्या रक्तातून येतो. जन्मल्या क्षणी हा पुरवठा तुटतो आणि काही मिनिटांत तो द्रव बाजूला सारून, आयुष्यात कधी न वापरलेलं इंद्रिय चालू करावं लागतं. बहुतेक बाळं हे लीलया करतात, आणि हे किती अचाट आहे याचा आपण एरवी विचारही करत नाही. काहींना ते जमत नाही. गडचिरोलीत गावातल्याच बायका ‘आरोग्यदूत’ म्हणून बाळंतपणाच्या वेळी हजर राहू लागल्या, न रडणाऱ्या बाळाला मास्क लावून श्वास देऊ लागल्या, वजन करू लागल्या, जंतुदोष ओळखून जेन्टामायसिनचं इंजेक्शनही देऊ लागल्या. 39 गावांतला हा प्रयोग डिसेंबर 1999 मध्ये ‘लॅन्सेट’नं छापला. तुलनेच्या 47 गावांशी ताडून पाहता तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी घटला होता. जंतुदोष झालेल्या बाळांतलं मरणाचं प्रमाण 16.6 टक्क्यांवरून 2.8 वर आलं.

प्रसूतिशास्त्र आणि श्वसनशास्त्र अशी एकमेकांत गुंतलेली आहेत, हे जगाला एका मेंढीच्या कोकरानंही शिकवलंय. न्यूझीलंडचे प्रसूतितज्ज्ञ ग्रॅहॅम लिगिन्स बाळंतकळा कशानं सुरू होतात ते शोधत होते. गर्भातल्या कोकराला त्यांनी स्टिरॉइड दिलं. कोकरू इतक्या अकाली जन्मलं की जगायलाच नको होतं. पण ते श्वास घेत होतं. स्टिरॉइडनं फुप्फुसं वेळेआधी तयार केली होती! 1972 साली त्यांनी रॉस हाउई यांच्यासोबत 282 मातांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला, आणि आज अकाली कळा लागलेल्या आईला हे इंजेक्शन जगभर दिलं जातं. गरीब देशांत ते कितपत उपयोगी, या शंकेचं निरसन करणारी जागतिक आरोग्य संघटनेची चाचणी 2020 साली प्रसिद्ध झाली. तिच्या केंद्रांत आपलं बेळगावही होतं. अकाली जन्मलेल्या बाळांचे नवजात मृत्यू त्या चाचणीत 23.5 टक्क्यांवरून 19.6 वर आले.

आता परत विदर्भात, शेलूबाजारकडे या. मंगरुळपीर तालुक्यातलं हे रस्त्यावरचं बाजारगाव, अलीकडे समृद्धी महामार्गाच्या इंटरचेंजमुळे नकाशावर ठळक झालेलं. विदर्भाच्या एका टोकाला ते, दुसऱ्या टोकाला गडचिरोली. पण या पट्ट्यातल्या कुठल्याही बाळंतिणीच्या घरी आशाताई, म्हणजे गावातली आरोग्य कार्यकर्ती, येते ती गडचिरोलीच्याच वाटेनं. घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याची ही पद्धत केंद्र सरकारनं 2011 साली देशभर स्वीकारली. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर सहा भेटी: तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. घरी झालं असेल तर पहिल्या दिवशीची आणखी एक. तिच्या पिशवीत थर्मामीटर, वजनकाटा आणि सेकंद दाखवणारं घड्याळ असतं.

तेव्हा ती आली की तिला ओसरीवरूनच वाटेला लावू नका. बाळ उघडं करून दाखवा. आणि घरात मूल खोकत असेल तर एक काम तुम्हीही करा. ते शांत असताना, रडत नसताना, पोटावरचं कापड सारून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. अर्धं मिनिट मोजून दुप्पट करू नका, तान्ह्यांचा श्वास लयीत चालत नाही. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे 60 किंवा जास्त, वर्षाच्या आतल्याचे 50 किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलाचे 40 किंवा जास्त भरले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, मूल अंगावर पीत नसेल, तर मोजतही बसू नका, 108 ला फोन लावा आणि निघा. पोटावर डागण्या मात्र कुणी कितीही सांगितलं तरी देऊ नका.